शेवटच्या बाकावरची चाल

घोडं अडलं ते चालीपाशी. तोवर सगळं कसं सरळ पार पडलं होतं. आई काल गेली. दादाने शवपेटी ठरवली, धाकटीने फुलं, पाळकांना निरोप गेला, आणि थोरलीने शाळेच्या मुख्याध्यापिकेला शोभेल अशा आवाजात बाकीची कामं वाटून टाकली. बाबा गेले तेव्हा पेटीच्या लाकडावरून या घरात जी जुंपली होती तसलं काही या वेळी झालं नाही, आणि याचंच चौघा भावंडांना मनातून नवल वाटत होतं. उद्या सकाळी दफन. आईची इच्छा एकच होती आणि ती तिने भेटेल त्याला सांगून ठेवली होती: माझ्या वेळी निरोपाचं गाणं माझ्या पोरांनीच म्हणायचं, ऑर्गन नको, बाहेरचं कुणी नको.

म्हणून दुपारची जेवणं उरकल्यावर बाहेरच्या खोलीत तालीम ठरली. थोरली, दादा आणि धाकटी कपाटाला पाठ लावून उभे राहिले, लहानपणी राहायचे तसेच, उंचीप्रमाणे. फरक इतकाच की दादाचं पोट आता रांगेच्या बाहेर येत होतं. थोरलीने आईची सूर देणारी शिट्टी फुंकली. तिघांनी श्वास घेतला, तोंडं उघडली, आणि जे काही बाहेर आलं ते ऐकून तिघेही दुसऱ्या ओळीलाच थांबले.

बेसूर म्हणावं तर कुणीच नव्हतं. आयुष्य चर्चच्या क्वायरमध्ये गात उभं राहून काढलेली माणसं ती, झोपेतून उठवलं तर जांभईसुद्धा सुरात देतील. तिघेही आपापलं अगदी बरोबर गात होते. गाणं मात्र कुठेच नव्हतं.

"छोटी, तू चाल सोडून काय गातेयस?" थोरली म्हणाली.

"मी माझंच गातेय. चाल तुझ्याकडे आहे ना, ताई?"

थोरलीने सांगितलं की तिच्याकडे वरचा सूर आहे, तो चालीच्या डोक्यावरून जातो. धाकटीने सांगितलं की तिच्याकडे मधला आहे, तो चालीला खेटून जातो. मग दोघींनी दादाकडे पाहिलं. दादाचं चष्म्याचं दुकान होतं आणि आपल्याला दिसतं ते जगाला दिसत नाही अशी त्याची जुनी समजूत होती. त्याने छाती पुढे काढून खर्जात पहिली ओळ म्हणून दाखवली आणि हीच चाल आहे असं ठासून सांगितलं. ती ओळ सुरुवातीपासून शेवटपर्यंत दोनच सुरांवर चालत होती. असल्या चालीवर कुणालाच निरोप देता येणार नाही, माणूस कंटाळून उठून बसेल, असं धाकटी म्हणाली, आणि मग आपण कुणाबद्दल बोलतोय ते आठवून तिला रडू आलं.

हे सगळं मधल्या बहिणीला आतल्या खोलीत ऐकू येत होतं. ती दाराजवळच्या पायमशीनवर बसून आईचा क्वायरचा झगा बाजूंनी आत घेत होती. आईला त्याच झग्यात ठेवायचं ठरलं होतं, पण शेवटच्या दोन वर्षांत आई इतकी आटली होती की झग्यात आणखी एक आई मावली असती. मधलीचं कपडे दुरुस्तीचं दुकान होतं, त्यामुळे हे काम तिच्याकडे येणार हे कुणी बोलून दाखवायचीही गरज नव्हती. पलीकडे आरामखुर्चीत मावशी डोळे मिटून पडली होती. मावशी म्हणजे आईची पाठची बहीण. अलीकडे ती माणसांची अदलाबदल करायची, आणि सकाळीच तिने विचारलं होतं की तुमची आई तालमीवरून अजून कशी परतली नाही.

आता हा घोळ झाला कसा, तर आईच्या शिकवण्याच्या तऱ्हेमुळे झाला. आई शाळेत गाणं शिकवायची आणि रविवारी चर्चची क्वायर चालवायची, म्हणजे पोरं शाळेतही तिच्या हाताखाली आणि देवाच्या दारातही तिच्याच. निरोपाचं गाणं तिने स्वतः बांधलेलं. कागदावर कधी उतरवलं नाही, वाद्य लावलं नाही. घरी ती एकेकाला एकेकटं गाठून शिकवायची. थोरलीला वेणी घालताना, दादाला बूट पुसायला बसवून, धाकटीला आंघोळ घालता घालता. ज्याचा त्याचा भाग ज्याच्या त्याच्या डोक्यात पक्का बसला की मगच सगळ्यांना एकत्र उभं करायची, आणि कुणी विचारलंच की मूळ चाल कशी, तर म्हणायची, "चालीची काळजी तुम्ही करू नका. चाल माझी मी बघते." ती तिने शेवटपर्यंत बघितली. कुणाच्याही दफनात ती मधे उभी राहून चाल गायची आणि पोरं तिच्या वरून-खालून आपापल्या वाटेने जायची. आपल्याला सगळं गाणं येतं असं प्रत्येकाला वाटत आलं होतं. आज मधली जागा रिकामी पडली तेव्हा कळलं की प्रत्येकाकडे नुसत्या कडा आहेत.

बाहेर आता उपायांवर उपाय सुरू झाले. दादाला आठवलं की गेल्या वर्षी एका दफनात त्याने हे गाणं फोनवर टिपून घेतलं होतं. फोन लावला तर दोनच सुरांवर चाललेला दादा ऐकू आला, आणि मागे कुठेतरी समुद्रापार चालल्यासारखा थोडा गलबला. टिपताना फोन त्याच्याच सदऱ्याच्या खिशात होता. मग थोरलीने ऑर्गनवाल्या काकांना फोन केला. काकांनी मोठ्या प्रांजळपणे सांगितलं की या गाण्याला ऑर्गन नसायचा, त्यामुळे गाणं सुरू झालं की ते झाकण लावून मागच्या दाराने विडी ओढायला जायचे. चर्चच्या क्वायरमधल्या दोघी-तिघींना विचारलं. एकीने थोरलीचा सूर म्हणून दाखवला, एकीने धाकटीचा, आणि तिसरीने दोन्हींची अशी काही मोट बांधली की थोरलीने आभार मानून घाईने फोन ठेवला.

"मधलीला विचारूया का?" धाकटी म्हणाली.

"तिला काय विचारायचं," थोरली म्हणाली. "ती कुठे होती क्वायरमध्ये."

मशीनचं चाक थांबलं. थोरली हे वाईट हेतूने म्हणाली नव्हती. पाणी उकळतं, मधली गात नाही, अशातलीच ती गोष्ट होती. पण घरात आईला पेटीत ठेवायची तयारी चालली होती, मधलीच्या हातात तिचा झगा होता, आणि आज ते वाक्य नेहमीसारखं कानावरून गेलं नाही. ती उठून दारात आली. बोटात शिवताना घालायचं अंगुस्तान तसंच होतं.

"मला का काढलं होतं क्वायरमधून?" तिने विचारलं.

इतक्या वर्षांत हा प्रश्न तिने कुणाला विचारला नव्हता, आईलाही नाही. हे घडलं तेव्हा ती चौथीत होती. शाळांच्या गाण्याच्या स्पर्धेत एक कडवं एकटीने म्हणायचं होतं, आणि आई ते थोरलीकडून आणि तिच्याकडून आलटून पालटून बसवून घेत होती. एका दुपारी आई तिच्या झग्याची खालची पट्टी टाचत होती. दुमडून, टाचून झाल्यावर तिने तो झगाच मधलीच्या अंगातून काढून घेतला, टाचण्यांची छोटी गादी तिच्या हातात दिली आणि म्हणाली, उद्यापासून तू झगे सांभाळ. का, ते सांगितलं नाही. त्या दिवसापासून मधली शाळेत पडद्यामागे आणि चर्चमध्ये शेवटच्या बाकावर सुईदोरा घेऊन बसू लागली. कुणाची शिवण उसवली, कुणाची कॉलर वाकडी झाली की धावून जायचं. आपल्याला गळाच नाही हे तिने तेव्हाच मनाशी ठरवून टाकलं आणि त्यावर आयुष्य रचलं. पोटच्या पोरालाही तिने कधी अंगाई म्हटली नाही. थोपटून झोपवला.

"काढलं कुठे? तूच सोडलंस," थोरली म्हणाली. तिच्या आठवणीप्रमाणे मधलीचा घसा सारखा बसायचा आणि तिलाच उभं राहायचा कंटाळा होता. दादाने मान हलवली. त्याला पक्कं आठवत होतं की मधली एका कार्यक्रमात उभ्या उभ्या चक्कर येऊन पडली, डॉक्टरांनी उभं राहायला मनाई केली. मधली जन्मात कधी चक्कर येऊन पडली नव्हती. धाकटी तेव्हा पाळण्यात होती, पण तिच्याकडेही एक कथा होती, आणि ती तिला आईनेच सांगितली होती: मधलीला लहानपणापासून शिवणाची इतकी आवड की गाणं सोडून ती झग्यांच्या मागे लागली.

"आईने असं सांगितलं?" मधलीने विचारलं.

"हो. कौतुकाने सांगायची," धाकटी म्हणाली, आणि मग थोरलीकडे पाहून तिने आपले शब्द जरा मागे घेतले. आई असं काहीतरी म्हणाल्याचं आठवतं, म्हणाली.

मधली परत मशीनवर येऊन बसली. बाहेर आता चालीवरचं भांडण बाजूला पडून तिच्यावरचं सुरू झालं. दादा आणि थोरली, ज्यांचं एरवी एका वाक्यावर एकमत व्हायचं नाही, ते मिळून धाकटीला सांगत होते की असल्या दिवशी जुनं काही उकरू नये. धाकटी म्हणत होती की उकरलं तिने, मी नाही. मधलीला राग आला होता, पण कुणाचा ते कळेना. तीन माणसं, तीन कारणं, आणि एकातही ती स्वतः सापडत नव्हती. तिच्या आठवणीत टाचण्यांची गादी होती. ती तरी खरी होती, कारण ती या क्षणी मशीनच्या फळीवर होती, तीच, रंग उडालेली. तिने झग्याची बाजू सुईखाली सरकवली आणि पाय चालवला.

एक गोष्ट तिच्या दुकानातल्या मुलींना ठाऊक होती आणि तिला नव्हती. मशीन सुरू झालं की तिच्या तोंडून सूर निघायचा. मशीनच्या खडखडाटात तो बुडून जातो अशी तिची समजूत असावी, किंवा समजूतसुद्धा नसावी. मुलाने एकदा सांगितलं तर तिने त्यालाच वेड्यात काढलं होतं. आताही पाय लयीत आला, चाक फिरू लागलं, झग्याची लांब सरळ शिवण धावू लागली, आणि मधली तोंड मिटल्या मिटल्या गुणगुणू लागली.

मावशीने डोळे उघडले. "आली का गं ती?" तिने विचारलं.

"कोण, मावशी?"

"तुझी आई. गातेय की."

मधलीचा पाय थांबला आणि सूरही थांबला. मावशीने तिच्याकडे नीट पाहिलं आणि तिचा चेहरा एकदम मायेने भरला. तो चेहरा मधलीसाठी नव्हता. मावशीने तिला थोरले म्हणून हाक मारली, जवळ ये म्हणाली, आणि मधलीने नेहमीसारखं मी थोरली नव्हे असं सांगायला तोंड उघडलं, तेवढ्यात मावशी बोलू लागली.

"तू उगाच तिच्यावर रुसून असतेस, थोरले. सावत्र आई, सावत्र आई म्हणून लोकांनी तिचं जगणं नको केलं होतं. तू तीन वर्षांची होतीस ती या घरात आली तेव्हा. तुला नव्या चपला घेतल्या तरी लोक बघायचे, नाही घेतल्या तरी बघायचे. आणि मग तुझ्या त्या बहिणीचा गळा निघाला. ते कडवं दोघींकडून बसवायला घेतलं आणि ती माझ्याकडे येऊन रडली. म्हणाली, दोघींतल्या एकीला खाली बसवावं लागेल. मी म्हटलं, जिला येत नाही तिला बसव. तर म्हणाली, तिला कसं बसवू? जी माझी आहे तिलाच मी खाली बसवू शकते."

मावशीने मधलीचा हात थोपटला, तू मनाला लावून घेऊ नकोस म्हणाली, आणि मग त्याच सुरात विचारलं की बाबा ऑफिसातून आले का. बाबांना जाऊन अकरा वर्षं झाली होती. म्हणजे ज्या डोक्यात बाबा अजून ऑफिसातून घरी येत होते त्याच डोक्यातून ही गोष्ट आली होती. विश्वास ठेवावा तरी पंचाईत, न ठेवावा तरी पंचाईत. आणि खरी असली तरी मधलीला आनंद व्हायला हवा की राग यायला हवा? गळा होता, म्हणून घेतला नाही. आपली होती, म्हणून बाजूला सारली. असल्या आपलेपणाचं काय करायचं असतं ते तिला समजेना. तिने मान वर केली तर दारात थोरली उभी होती. किती वेळ उभी होती कोण जाणे. तिचा चेहरा शाळा भरल्यावर असतो तसा होता, म्हणजे त्यावरून काहीच कळत नव्हतं.

"मशीनवर काय म्हणत होतीस, ते परत म्हण," थोरली म्हणाली.

"मी काही म्हणत नव्हते."

"म्हणत होतीस. तीच चाल आहे. माझा सूर तिच्यावर बसतो, मी बाहेरून लावून पाहिला."

तोवर दादा आणि धाकटीही आत आले. मधलीने म्हणायचा प्रयत्न केला. सगळे तोंडाकडे बघत असताना तिच्या घशातून नुसती हवा निघाली. परत प्रयत्न केला तर पहिल्या दोन शब्दांनंतर पुढचं काही आठवेना. मला येत नाही, मला कधीच येत नव्हतं, म्हणून ती रडकुंडीला आली. धाकटीने पाणी आणलं. दादाने खाकरून आपल्या खर्जाची मदत देऊ केली, ती कुणी घेतली नाही. शेवटी थोरली पुढे झाली, झगा उचलून बाजूला ठेवला, रिकाम्या सुईखाली एक जुनी चिंधी सरकवली आणि म्हणाली, "शिव."

मधलीने पाय चालवला. चिंधीवर उगाच एक शिवण धावू लागली, आणि थोड्या वेळाने सूर आला. आधी बंद ओठांतून, मग शब्दांसकट. दार लोटून घे हळू, आत जागं आहे कुणी. एवढं एकच धृपद होतं त्या गाण्याला, आणि आईने त्यात पुढे फार काही सांगितलं नव्हतं. दुसऱ्या वेळी धाकटी तिच्या बाजूने आत शिरली. मग दादा खालून आला, आणि त्याचे ते दोन सूर, ज्यांच्यावर मघाशी इतकी टिंगल झाली होती, जमिनीसारखे पायाखाली आले. वरून थोरली आली. त्या लहानशा खोलीत, मशीनच्या खडखडाटावर, आईचं गाणं पुरतं उभं राहिलं, आणि मावशीने समाधानाने डोळे मिटून घेतले, कारण तिच्या लेखी आई आता तालमीवरून आली होती.

दादा रडत होता आणि चष्मा पुसायचं निमित्त करत होता. थोरली मात्र एक कडवं गाऊन मधेच थांबली होती. तिने सांगितलं की उद्या मधलीने मधे उभं राहायचं, आईच्या जागी.

"तिथे मशीन नसेल, ताई."

"पाय हलव. झग्याखाली कुणाला दिसतंय?"

पण मधलीला झगा होता कुठे? चौथीत काढून घेतलेला, त्यानंतर शेकडो झगे तिच्या हाताखालून गेले, एकही तिच्या अंगावर चढला नाही. थोरलीने कपाटातून आईचा दुसरा, रोजच्या वापरातला झगा काढला. मधली अंदाजाने तो लांबीला कमी करायला बसली, पण घालून पाहिला तर खालची पट्टी नेमकी पायाशी आली. आई मुळात आपल्याच उंचीची होती हे इतकी वर्षं तिची मापं घेऊनही तिच्या लक्षात आलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी चर्च भरलं होतं. आईने शाळेत शिकवलेली मुलं आता टक्कल पडलेली, चष्मे लागलेली होऊन आली होती आणि भिंतींना टेकून उभी होती. प्रार्थना झाली, पाळकांचं बोलणं झालं. ऑर्गनवाल्या काकांनी झाकण लावलं आणि सवयीने उठले, मग विचार बदलून परत बसले. दादा आणि धाकटी पेटीशेजारी जाऊन उभे राहिले. मधली त्यांच्यामधे गेली. थोरलीची जागा रिकामी होती.

मधलीने मान वळवून पाहिलं. थोरली शेवटच्या बाकावर बसली होती. अंगात झगा होता, पण ती उठत नव्हती, आणि तिच्या मांडीवर टाचण्यांची गादी होती. दादाने भुवया उंचावून तिला बोलावलं. तिने नुसती मान हलवली. मधलीच्या मनात आलं, ही रागावली का? मावशीचं ऐकून हिला अपमान वाटला का? की ऐन वेळी सगळं माझ्यावर टाकून मला तोंडघशी पाडायचं आहे? थोरलीच्या मनात काय आहे ते शोधायला वेळ नव्हता. धाकटीने शिट्टी फुंकली.

मधलीने झग्याखाली पाय हलवायला सुरुवात केली. आधी टाच, मग चवडा. लोकांकडे बघवेना म्हणून तिने शेवटच्या बाकाकडे बघितलं आणि तोंड उघडलं. दार लोटून घे हळू. आवाज तिला आपला वाटलाच नाही. तो जरा खरखरीत होता, बरेच दिवस न वापरलेल्या कात्रीसारखा, पण तो गेला, भिंतीपर्यंत गेला, आणि खालून दादा आणि बाजूने धाकटी त्याला धरून चालू लागले. वरचा सूर नव्हता. त्याच्या जागी उघडी हवा होती. शेवटच्या ओळीला तिला हुंदका येऊ लागला आणि तो फुटायच्या आत तिने ओळ संपवून टाकली.

मग पेटी उचलायच्या आधी लोक एकेक करून पुढे येऊ लागले, फुलं ठेवू लागले. मधली वाट काढत मागे गेली आणि आपल्या नेहमीच्या बाकावर, थोरलीच्या शेजारी बसली.

"शेवटची ओळ घाईत घेतलीस," थोरली म्हणाली.

"आणि बाकी?"

"बाकी मला काय कळणार. मी हे गाणं आज पहिल्यांदा ऐकलं." थोरलीचा आवाज मुख्याध्यापिकेचा राहिला नव्हता. "तिथे उभं राहिलं की नुसता आपलाच आवाज येतो गं. इथून सगळं एकत्र ऐकू येतं."

मधलीने विचारलं की मावशी म्हणाली ते खरं असेल का. थोरलीने गादीतली एक टाचणी काढली आणि परत टोचली.

"मला लहानपणी उलटंच वाटायचं. स्वतःची म्हणून तुला बसायला दिलं आणि मला उभं ठेवलं. पाय दुखायचे आणि तू दिसायचीस, आरामात बसलेली. फार राग यायचा तुझा. बाकीची गाणी आई आमच्याकडे तोंड करून घ्यायची. हे एकच आमच्याकडे पाठ करून म्हणायची. मला वाटायचं, लोकांसाठी वळते. आज इथे बसले, तू गाताना माझ्याकडे बघत होतीस, तेव्हा कळलं. तिथून सरळ समोर हे बाक येतं."

मधलीला आठवलं ते खरंच होतं. क्वायर गात असताना तिला कायम आईची पाठ दिसायची, आणि या एका गाण्याला आईचा चेहरा. म्हणून तर ते गाणं तिला आवडायचं. आई एकेकाला एकेकटं गाठून शिकवायची. थोरलीला वेणी घालताना, दादाला बूट पुसायला बसवून, धाकटीला आंघोळ घालताना. आणि आपल्याला या बाकावर बसवून? ही शिक्षा होती, की त्याग होता, की भर चर्चमध्ये सगळ्यांच्या डोळ्यांदेखत चाललेली शिकवणी होती, मधलीला ठरवता येईना. सांगू शकणारी एकटीच होती आणि तिच्यावर आता फुलं पडत होती. मधलीला आईचा एवढा राग कधी आला नव्हता आणि एवढी आठवणही.

पुढे दादा खांदेकऱ्यांना उभं करत होता आणि त्यांच्या उंचीवरून कुणाशी तरी वाद घालत होता.

"ती चाल मला शिकवशील?" थोरलीने विचारलं.

"चालीची काळजी तू करू नकोस," मधली म्हणाली, "चाल माझी मी..."

तिने आपलेच शब्द ऐकले आणि थांबली. थोरली तिच्याकडे बघत होती. मधलीने तिच्या मांडीवरची टाचण्यांची गादी उचलून बाकावर ठेवली आणि तिचा हात धरून तिला उठवलं.

"शिकवते," ती म्हणाली. "पण सगळ्यांना एकदम."